तळघरातल्या दुकानाची हवा

"गाठ कर्करोगाची आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लगेच विचारलं, "सिगारेट किती वर्षं?"

मी भडकलो. आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलेलं नाही. खोकला जात नव्हता म्हणून सीटी स्कॅन केला, तर फुफ्फुसात गाठ दिसली. मग बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी. रिपोर्टसाठी बाकावर बसलो तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण हेच विचारत होता.

"दिवसभर बसता कुठे?" बाईंनी विचारलं.

तळघरात. वाटणीत दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, बारामतीतलं रस्त्यावरचं कापडाचं दुकान घेतलं आणि मला खालचं तळघर दिलं. मी तिथे लग्नाचे बस्ते बांधायला लागलो. सांगवी, लोणी भापकरची माणसं घरंच्या घरं घेऊन यायची. घासाघिशीचा आवाज झरोक्यांतून वर जायचा आणि दादाचं गिऱ्हाईक खाली उतरायचं. झरोके दादाच्या दुकानाच्या बाजूला उघडायचे. त्याने ते विटांनी बुजवले. मी एसी लावला.

"एसी तीच हवा फिरवतो," बाई म्हणाल्या. "रेडॉन हा जमिनीतून निघणारा किरणोत्सारी वायू. रंग नाही, वास नाही. फरशीच्या भेगांतून येतो, बंद जागेत साठतो. वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. तुम्हाला त्यामुळेच झाला असं सांगता येणार नाही. पण मोजून घ्या."

ऑपरेशनमध्ये फुफ्फुसाचा एक भाग काढला. नंतर केमो. दुकान बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माझी बायको सुनंदा गल्ल्यावर बसू लागली. मोजणीचं छोटं यंत्र तिथे काही महिने ठेवलं. रेडॉन मर्यादेपेक्षा बराच जास्त निघाला. मोजणी करणारा इंजिनिअर म्हणाला, नुसते झरोके उघडून भागणार नाही. भेगा बुजवा, फरशीखालून पाइप काढा आणि पंख्याने ती हवा छतावर सोडा. पाइप जाणार होता दादाच्या दुकानातून.

दम खात जिना चढलो.

"माझ्या गिऱ्हाइकानं काय पाइप बघायचा व्हय?" दादा म्हणाला. "बोल, बदल्यात काय देतूस? भाव करायला तर तुला लई जमतं."

"आज न्हाय जमत, दादा. तितं सुनंदा बसती."

त्याने हातातलं कापड खाली ठेवलं. मग म्हणाला, "काम हुईस्तोवर तिला खाली बसू दिऊ नकू. गवंडी मी बघतो."

पाइप बसला, झरोके उघडले. पुन्हा मोजलं तेव्हा आकडा मर्यादेत आला होता.

दादावरचा माझा राग गेलेला नाही. आजार उलटेल का, हे डॉक्टरांनाही माहीत नाही. पण तळघरात, बंद खोलीत दिवस काढणाऱ्यांनो, खोकल्याची वाट बघू नका. आधी मोजा. सुनंदा आता खाली बसते तेव्हा मला तिच्या श्वासाची भीती वाटत नाही. एवढं मला दादाने दिलं, तेही घासाघीस न करता.