ओठातलं बिंग

लेकीच्या खालच्या ओठाला आतून फोड आला तेव्हा ती सात वर्षांची होती. वाटाण्याएवढा, निळसर, पाणी भरल्यासारखा. तिला दुखत नव्हता, पण माझी झोप उडाली. मोबाईलवर शोधायची वाईट खोड मला. चार ओळी वाचल्या की मी मनातल्या मनात पोरीला घेऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पोचलेली असायची.

सासूबाईंनी निदान जागेवरच केलं होतं. "चोरून खाल्लं की व्हटाला फोड येतोय."

झालं! फडताळातल्या डब्यातले पेढे कमी होतच होते. सासूबाईंना शुगर, नवऱ्याला गोड आवडत नाही, मी डाएटवर. उरलं कोण? मी पोरीला चांगलंच फैलावर घेतलं. ती रडली नाही आणि कबूलही झाली नाही. पण तेव्हापासून ओठ कुणाला दाखवायची बंद झाली. बघू म्हटलं की दोन्ही हात तोंडावर. दात घासायचे तेही दार लावून. तीन आठवडे असे गेले.

शेवटी तिघीजणी रिक्षानं लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. खुर्चीत बसूनही पोरगी तोंड उघडेना. मी लाडीगोडी लावली, डोळे वटारले, काही उपयोग नाही. मग पहिल्या दिवशी मोबाईलवर काढलेला फोडाचा फोटो दाखवला.

"लाळेची गाठ दिसतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ओठ चावला गेला की लाळेची बारीक नळी तुटते आणि लाळ आत साठते. वाईट काही नाही."

माझा जीव भांड्यात पडला. "कापावं लागेल?"

"छे. औषध लावून ओठ बधिर करायचा आणि गाठीतून एक टाका घालायचा. आठवडाभर धागा तसाच ठेवायचा. त्याच्या कडेनं लाळेला नवी वाट मिळते."

हातांच्या आडून आवाज आला, "फोडणार न्हाय न्हवं?"

"नाही गं. पण फोडायची एवढी भीती का?"

"फोडायचं न्हाय. आजीचं बिंग हाय ते."

मी सासूबाईंकडे वळले. त्यांना भिंतीवरच्या दाढेच्या चित्रात एकदम फार रस वाटायला लागला होता.

"आजी म्हणली, पेढ्याचं कुणाला सांगू नगंस, माझं बिंग फुटंल. मग मला हे आलं."

डॉक्टरबाई मास्कच्या आत खुदखुदत होत्या. मीही हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. बिंग म्हणजे काय हे ठाऊक नसताना या एवढ्याशा पोरीनं माझी बोलणी खाल्ली होती. "चुकलं गं माझं," मी म्हणाले.

सासूबाई उठल्या आणि नातीचा हात धरला. "फुटलं माझं बिंग तर फुटू दे, बाई. तू तोंड उघड."

तिनं लगेच मोठ्ठा आ केला. टाका कधी घातला तिला कळलंही नाही.

आठवड्यानं धागा काढला तेव्हा गाठ ओसरली होती. घरी येऊन पोरीनं आरशात ओठ उलटा करून बघितला, मग आजीला फर्मान सोडलं, "आता तू आ कर."

सासूबाईंनी केला. पोरगी वाकली, आत बघितलं, हुंगलं, माझ्याकडे एक चोरटी नजर टाकली, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.