हायवेवरचे गचके

माझी बायको पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली. आमचं घर नदीकाठी, दुर्गाघाटावर. तिथल्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, म्हणून ती जवळच्या मैदागिन चौकात एका ओळखीच्यांच्या आवारात ठेवलेली. दर रविवारी सकाळी बायको शाल गुंडाळून तिथवर चालत जायची आणि एकटीच प्रयागराजला आईला भेटून यायची. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. परत आली की जेवताना सांगत बसायची, धुकं कुठपर्यंत होतं, कुठल्या ट्रकला मागे टाकलं.

पौषात गाडी अडखळायला लागली. हायवेवर बराच वेळ गेल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग गचका बसून गाडी पुढे जायची. शहरात मात्र ठणठणीत. मी प्लग बदलून घेतले, एअर फिल्टर बदलला. फरक पडेना.

एका रविवारी ती आली तीच पांढरीफटक होऊन. "आज ओव्हरटेक करताना मध्येच गाडी ओढेना. समोरून बस येत होती."

"वरच्या गिअरला ओढत असशील," मी म्हणालो. "तुझा हात अजून बसलेला नाही. माझ्या हातात असं कधी झालं नाही."

हे खोटं होतं. बँकेच्या कामाने जौनपूरला जाताना मलाही दोनदा गचके बसले होते.

तिने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी ती गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. असे चार रविवार गेले. मी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर सुट्टीच्या दिवशी घरी गरम जेवण मिळतंय, याचं मला बरंच वाटत होतं.

शेवटी शहरातल्याच लहुराबीर भागातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला शेजारी बसवून मी सकाळीच हायवेला गेलो. तो इंजिनकडे नाही, समोरच्या काट्याकडे बघत होता. गाडी पळायला लागली तसा तापमानाचा काटा चढायच्या ऐवजी खाली आला, आणि गचके सुरू झाले. त्याने गाडी थांबवायला लावून रेडिएटरपुढे एक पुठ्ठा खोचला. पुन्हा निघालो, तसा थोड्या वेळाने काटा वर आला. गचके थांबले.

गॅरेजमध्ये त्याने एक भाग उघडून मला आत बघायला सांगितलं. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी छोटी झडप तिथे असते. ती जागा रिकामी होती.

"थर्मोस्टेट तो है ही नहीं. ठंडी हवा में इंजन गरम ही नहीं होता, इसलिए अटकता है. किसने निकलवाया?"

"पता नहीं," मी म्हणालो.

पण मला आठवलं होतं. उन्हाळ्यात आझमगढच्या रस्त्यावर गाडी तापली, तेव्हा एका गॅरेजवाल्याने ही झडप काढून टाकू का म्हणून विचारलं आणि मी हो म्हटलं. घरी बोललो नव्हतो.

नवी झडप बसली. बायकोने विचारलं, "काय निघालं?"

"थंडीमुळे होत होतं. झालं ठीक."

दोन दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, तिला रागावू नका हं. तिच्या हातून गाडी बिघडली म्हणते. मीच सांगितलंय, येऊ नकोस म्हणून."

बायको स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. झडपेचं, उन्हाळ्यातलं, जौनपूरच्या गचक्यांचं. तिचे हात थांबले नाहीत.

"चार रविवार मी आईला सांगत राहिले, मला नीट येत नाही म्हणून," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं, तर मला तसं का म्हणालात?"

उत्तर होतं माझ्याकडे. तिचं एकटीनं जाणं, हसत परत येणं, हे मला खुपत होतं. ते मात्र मी तेव्हाही बोलू शकलो नाही. "चूक झाली," एवढंच म्हणालो.

रविवारी मी सोबत येतो म्हटलं.

"नको. तुम्ही शेजारी बसलात की मला पुन्हा तुमचंच खरं वाटायला लागेल."

ती एकटीच गेली. दुपारपर्यंत मी घराजवळच्या मंगला गौरीच्या गल्लीत येरझारा घालत होतो. मग फोन वाजला. सासूबाई होत्या. "पोचली हो नीट. आता आंघोळीला गेलीय."

पूर्वी पोचल्याचा फोन ती स्वतः करायची.