तीन पंप खाल्लेली गाडी

पासलीच्या हनुमंतला गाडीशिवाय दुसरं काही येत नाही, हे त्याची बायको रत्ना चारचौघांत सांगते आणि तोही नाकारत नाही. लावणीला चिखलात उतरला तर रोपं वाकडी लावतो, धार काढायला बसला तर गाय लाथ मारते. पण आपल्या वीस वर्षांच्या ट्रकचं इंजिन कुठे अडखळलं, हे तो घरात जेवता जेवता ओळखतो. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला एवढंच येत असेल आणि तेच बंद पडायला लागलं, तर त्याने जायचं कुठे?

आषाढापासून गाडीने त्याचा जीव नकोसा करून टाकला होता. डिझेलचा पंप दीड-दोन महिन्यांनी जाई. पहिला गेला, दुसरा गेला, दिवाळीच्या तोंडावर तिसराही गेला. भोरच्या भातगिरणीचे मालक आनंदशेठ तसे शांत, पण त्यांनीही सरळ सांगून टाकलं, "दिवाळीनंतर वेल्ह्याकडचं सगळं भात तुझ्याच गाडीतून आणायचं. पण आणखी एकदा रस्त्यात राहिलास, तर काम दुसऱ्याला." हे काम गेलं की गाडी अंगणात उभी आणि हनुमंत तिच्या शेजारी.

भोरचा सोमनाथ मिस्त्री पंपाच्या कामात मुरलेला. त्याने आधी डिझेलवर संशय घेतला. हनुमंत लगेच पेट्रोलपंपावर जाऊन चार माणसांत भांडून आला आणि दुसरीकडून डिझेल भरू लागला. मग टाकीतल्या गंजावर आळ आला; टाकी उतरवून धुतली. मग झाकणातून पावसाचं पाणी जात असेल, म्हणून नवं झाकण बसवलं. पाऊस सरला, भातं पिवळी पडली, तरी तिसरा पंप उघडला तर आतला दांडा गंजून जागच्या जागी अडकलेला!

"पानीच हाय ह्ये," सोमनाथ कपाळाला हात लावून म्हणाला. "पर येतंय कुठनं?"

त्याने टाकीच्या बुडाचा नट सैल केला आणि काचेच्या बरणीत डिझेल धरलं. थोड्या वेळाने वर डिझेल आणि खाली पाणी असे दोन थर झाले. पाण्याच्या तळाशी एक काळपटलेलं तुळशीचं पान पडलं होतं. सोमनाथ खो खो हसला.

"हनुमंता, गाडीला तीर्थ कोन पाजतंय रं?"

हनुमंतला ते विचारत फिरायची गरज नव्हती. घरात म्हातारी आई होती, साळूबाई. चौदा वर्षांपूर्वी तिचा थोरला, चिमाजी, जीपसकट घाटातून दरीत गेला होता. त्यानंतर तिने देवाशी काय काय करार केले होते, ते देवच जाणे.

घरी येऊन त्याने विचारलं, तर तिने लपवलंसुद्धा नाही. उलट, चोरून केलेलं पुण्य उघडकीला आल्यासारखी ती खुलली.

"व्हय तर. दर मंगळवारी फुलपात्रभर, आन् अवसेला गडवाभर. गावदेवीचं."

"आगं आये, त्यानंच पंप जातोय! पान्यानं गंजतोय त्यो. तीन पंप गेलं माजं!"

"आषाढात गाडी कुठं बंद पडली व्हती?"

"घाटाच्या खाली."

"आन् त्याच दुपारी दरड कुठं आली?"

दरड वरच्याच वळणावर आली होती. गाडी चालू असती तर हनुमंत तिथेच असता.

"पर गिरणीचं काम जाईल की गं," तो कसाबसा म्हणाला.

"गाडी पोचावी म्हनून म्या तीर्थ घालतच न्हाई," साळूबाई म्हणाली. "तू माघारी यावास म्हनून घालते."

दुसऱ्या दिवशी त्याने टाकीला कुलपाचं झाकण बसवलं. बसवताना त्याला आपणच चोर असल्यासारखं वाटलं. मंगळवारी साळूबाईने झाकण एकदा ओढून पाहिलं आणि तीर्थ तुळशीला घातलं.

दिवाळीनंतर भाताच्या खेपा सुरू झाल्या. नव्या पंपावर गाडी अशी पळू लागली, की सोमनाथला दंडवत घालावा. पण सकाळी गाडी अंगणातून निघाली की साळूबाई रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसे आणि तो परतेपर्यंत तोंडात पाणीही घेत नसे. पहिल्या दिवशी तो दिवेलागणीला आला. तिसऱ्या दिवशी गिरणीवर गाड्यांची रांग होती, त्याहून उशीर झाला. तिचे ओठ सुकले होते. "आलास?" एवढंच म्हणून ती जेवायला उठली. ती भांडली असती तर तोही भांडला असता. ती भांडतच नव्हती, आणि हनुमंतला आतल्या आत तिचा भयंकर राग येत होता.

चौथ्या दिवशी ती उंबऱ्यातच चक्कर येऊन पडली.

"आत्याबाई माजं ऐकत न्हाईत," रत्ना म्हणाली. "आता तुमीच सांगा काय करायचं त्ये."

पाचव्या दिवशी सकाळी त्याने गाडी सुरू केली. साळूबाई दाराची चौकट धरत बाहेर आली आणि एकेक पाऊल टाकत दगडाकडे निघाली. हनुमंत वर बसून बघत राहिला. ती खाली टेकल्यावर त्याने मोबाईल काढला.

"शेठ, गाडी परत बंद पडली."

"आता काय झालं?"

"पंप," हनुमंत म्हणाला.

इंजिन बंद करायचं भान हनुमंतला राहिलं नव्हतं, आणि त्याचा एकसुरी, निरोगी आवाज फोनमधून भोरपर्यंत ऐकू जात होता.