कोचबाईंची राहिलेली शिट्टी

"किती गोल केलेत तुम्ही?" असं कोचबाईंना कुणी विचारलं की त्या मान ताठ करून सांगत, "एकही नाही." सांगण्याचा थाट असा की विचारणाऱ्यालाच आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं. अमेरिकेत आधी कॉलेजकडून आणि मग पगारी क्लबांकडून ही बाई वर्षानुवर्षं फुटबॉल खेळली, आणि गोल शून्य. आमच्या इनामदार काकू पहिल्या भेटीत हे ऐकून माझ्या कानाशी पुटपुटल्या, "अहो, मग हिला पगार कशाचा देत होते?" कोचबाईंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण हा प्रश्न त्यांना कुठल्याही भाषेत ओळखता येत असावा. "गोल करायला निघालेल्या बाईच्या वाटेत मी उभी राहायचे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "त्याचा पगार."

वाटेत उभं राहणं हे त्यांच्या अंगातच होतं. इथे आखातात, अबू हमूरला, आमच्या कंपाउंडमध्ये शेवटच्या व्हिलात त्या राहायच्या आणि एका शाळेत पीटी शिकवायच्या. उंच, नाकावर उन्हाने उठलेले ठिपके, उजव्या गुडघ्यावर हा एवढा लांब व्रण. त्या कधी सरळ समोर तोंड करून उभ्या राहत नसत. एक खांदा पुढे, एक पाय मागे, गुडघे किंचित वाकलेले. माझ्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या आणि दारातच तशा उभ्या राहिल्या. बायका आत यायला बघताहेत, कोचबाई हसून "हॅलो, हॅलो" करताहेत, आणि एकीला म्हणून आत शिरायला जागा मिळत नाहीये. शेवटी मी वाण त्यांच्या हातात दिलं आणि दंडाला धरून सोफ्यावर नेऊन बसवलं. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण कोच म्हटल्यावर अहोजाहो आलंच.

कोच त्या नंतर झाल्या. दर हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाचा क्रीडा दिवस असतो. पुरुषांना क्रिकेट, आणि बायकांना काय, तर लिंबू-चमचा. मी नाशिकहून इथे आले तेव्हापासून लिंबू-चमचाच बघत आले आहे. त्या वर्षी आमच्या समोरच्या ओळीतली शीबा मला म्हणाली, "आमच्या केरळच्या बायकांची फुटबॉल टीम आहे. तुमची असती तर मॅच ठेवली असती." त्यातला 'असती तर' मला झोंबला. "आहे की," मी म्हणाले आणि घरी येऊन डोक्याला हात लावून बसले. नवरा बंदरावरच्या कामावरून दमून आला होता, तो मला म्हणाला, "तुला चेंडूला लाथ मारायची असते एवढं तरी माहीत आहे का?" मी तशीच उठले आणि कोचबाईंच्या दारात गेले.

त्या लगेच हो म्हणाल्या, पण एक अट घातली. "शिकवीन. मात्र मॅचमध्ये मीही खेळणार. मागे, माझ्या जागेवर." मी म्हटलं, तुमचा गुडघा? तेव्हा त्या माझ्यामागून माझ्या स्वयंपाकघरात आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि मी थालीपीठ लावेपर्यंत सगळं सांगितलं.

कॉलेज खेळाच्या शिष्यवृत्तीवर झालं. मग क्लब. राहायला कुणा चाहत्याच्या घरातली मागची खोली, सामन्याला बसने रात्रभर प्रवास. अमेरिकेतला मोसम संपला की नॉर्वेतल्या एका गावाकडून खेळायचं, तिथे दुपारी जेवायच्या वेळेला अंधार. आई विचारायची, कधी थांबणार, आणि त्या म्हणायच्या, पुढच्या वर्षी. मग एका सामन्यात, नुकती कुठे सुरुवात झाली होती, त्या वळल्या आणि गुडघा गेला. "कुणी पाडलं असतं तर मला बरं वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "मी नुसती वळले." स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. मोसम संपल्यावर क्लबने करार वाढवला नाही, आणि तिथेच सगळं संपलं. "खेळाडू शिट्टी होईपर्यंत खेळतात, मग हात हलवत आपल्या पायांनी बाहेर येतात. माझी शिट्टी राहिली." येत्या उन्हाळ्यात त्या कायमच्या परत जाणार होत्या. गुडघ्याचं मोठं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर खेळायचं नाही असं डॉक्टरने बजावलं होतं. "मला फक्त एकदा शेवटची शिट्टी होईपर्यंत उभं राहायचंय. मग मी मोकळी." मला गलबलून आलं, पण ते दाखवायचं कसं, म्हणून मी त्यांच्या पानात आणखी लोणी वाढलं.

पहिल्याच सरावाला आमचं पितळ उघडं पडलं. कंपाउंडच्या टेनिस कोर्टवर आम्ही सात जणी, ओढण्या कमरेला खोचून. चेंडू घरंगळत माझ्या आणि इनामदार काकूंच्या मध्ये आला. मी थांबले. काकू थांबल्या. मी म्हटलं, "घ्या ना काकू." काकू म्हणाल्या, "छे छे, सबनीस वहिनी, तुम्ही घ्या." तेवढ्यात पलीकडून सोनल आली आणि चेंडू घेऊन गेली. सोनल म्हणजे आयटीवाली, नव्याने लग्न झालेली, वाऱ्यासारखी पळणारी. पण पुढे चेंडूपाशी तिची जाऊ आली, तेव्हा सोनलही थांबून म्हणाली, "घ्या वहिनी." कोचबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "हे 'घ्या' म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. त्यांनी चेंडू उचलून काखेत घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं जे मी जगभरच्या बायकांकडून मारामारी करून काढून घेतलं, ते तुम्ही एकमेकींना वाढताय?"

त्या दिवसापासून मैदानावर 'घ्या' बंद. वहिनी, काकू, ताई सगळं बंद. नावाने हाक मारायची, आणि तीही ओरडून. हे म्हणजे फारच झालं असं आम्हाला वाटलं. इनामदार काकू गोलात उभ्या राहायच्या, साठी उलटलेली बाई, मुलाकडे राहायला आलेली. त्यांना 'इंदू' म्हणायचं सोनलच्या तोंडून काही निघेना. नुसतीच "ई, ई" करत राहिली. तेव्हा काकूच म्हणाल्या, "ओरड गं. आमचे हे गेल्यापासून या नावाने मला कुणी बोलावलेलं नाही. मला तरी ऐकू दे." मग सोनल ओरडली. मलाही त्या कोर्टवर पुन्हा 'सुलभा' ऐकू आलं. पंधरा वर्षं या गावात मी सबनीस वहिनी होते. दर वेळी हाक आली की मी आधी मागे वळून बघायची, ही सुलभा कोण आणि कुठे आहे म्हणून.

कोचबाईंचं दुसरं पालुपद म्हणजे कंबर. "चेंडूकडे बघू नका, पायांकडे बघू नका, डोळ्यांकडे तर मुळीच नको. समोरचीच्या कमरेकडे बघा. बाकी सगळं फसवतं. कंबर जिकडे वळते तिकडेच माणूस जातो." काकूंनी हे इतकं मनावर घेतलं की त्या मॉलमध्येसुद्धा लोकांच्या कंबरा निरखायला लागल्या. पैसे द्यायच्या रांगेत एक धिप्पाड गृहस्थ ट्रॉली घेऊन मध्येच घुसायच्या बेतात होते. काकूंनी कंबर ओळखली, एक खांदा पुढे, एक पाय मागे, आणि अशा काही उभ्या राहिल्या की ते "सॉरी, मॅडम" म्हणून मागे गेले. हे काकूंनी आम्हाला तीनदा सांगितलं आणि कोचबाईंना करूनही दाखवलं.

कोचबाई बोलायच्या तर किती. त्यांचं म्हणणं, मागे खेळणाऱ्या बाईला सगळं मैदान दिसतं, म्हणून तिने सतत बोललं पाहिजे. "डावीकडे बघ. मागे माणूस. सोड आता." आणि तुमच्याजवळ चेंडू आहे, आसपास कुणी नाही, आणि तुम्ही उगाच घाबरून पाय झाडताय असं दिसलं की शांतपणे, "वेळ आहे, सुलभा, वेळ आहे." हे दोन शब्द त्यांनी माझ्याकडून मराठीत करून घेतले होते. मी गाडी मागे घेत असले तरी त्या कंपाउंडच्या रस्त्यात उभ्या राहून तेच सांगायच्या. माझ्या नवऱ्याने मला गाडी मागे घ्यायला शिकवताना जे जे शब्द वापरले होते त्यात हे दोन नव्हते. मी त्याला तसं सांगितलंही.

आता निरोपाला द्यायचं काय, हा प्रश्न आला. चांदीची वाटी झाली, पैठणीची पर्स झाली, कुणी सूकमधली, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातली, अरबी कॉफीची सुरई सुचवली. मग माझ्या डोक्यात आलं की या बाईला आयुष्यात कुणी एक गोल दिलेला नाही. आपण देऊ. काकूंना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी माझी पाठच थोपटली. आमच्यात बघा, सवाष्णीला रिकाम्या ओटीने पाठवत नाहीत, आणि ही तर इतकं खेळून रिकामी चालली होती. मी शीबाकडे गेले. शेवटच्या काही मिनिटांत कोचबाई पुढे आल्या तर तुम्ही जरा बाजूला व्हा, एवढंच सांगितलं. शीबा केरळची, तिच्याकडे फुटबॉल म्हणजे देवघर. "चेची, फुटबॉलमध्ये असं करतात?" तिने विचारलं. चेची म्हणजे त्यांच्यात ताई. मी म्हटलं, प्रेमाने सगळं करतात. शेवटी ती हो म्हणाली, पण चेहऱ्यावरून तिला काही ते पटलेलं दिसलं नाही.

मॅच फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी, कोचबाईंच्या शाळेच्या मैदानावर झाली. पंच त्यांच्याच शाळेतला इजिप्शियन पीटी मास्तर. कोचबाईंनी गुडघा घट्ट बांधला होता. शीबाच्या बायका अशा धावत होत्या की आमची पुरती दाणादाण उडाली, पण शेवटी प्रत्येकीच्या वाटेत कोचबाई उभ्या. धावपळ नाही, आरडाओरडा नाही, नुसत्या जिथे असायला हव्यात तिथे आधीच असायच्या. त्यांना खेळताना मी पहिल्यांदाच बघत होते. सरावात त्या आम्हाला झेपेल एवढंच करायच्या हे मला तेव्हा कळलं. मी बघतच राहिले आणि दोन वेळा चेंडू माझ्या अंगावरून गेला.

शेवटची काही मिनिटं उरली, शून्य-शून्य. आम्हाला कॉर्नर मिळाला. उंच बचावपटू कॉर्नरला पुढे येतात, तशा कोचबाई आल्या. सोनलने चेंडू हळूच त्यांच्या पायाशी सरकवला. आणि शीबाच्या बायका, नवरीला वाट द्यावी तशा दोन्ही बाजूंना झाल्या. त्यांची गोलकीपर खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागली. समोर उघडा गोल. कोचबाईंनी चेंडूवर पाय ठेवला आणि त्या सगळ्यांच्या कंबरांकडे बघत उभ्या राहिल्या. एकही कंबर चेंडूकडे वळलेली नव्हती.

"सुलभा," त्या म्हणाल्या, "हे काय आहे?"

"घ्या," मी ओरडले. "घ्या ना." मागून काकूही ओरडल्या, "घ्या हो, लाजू नका."

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता चिडतात. पण त्या हसल्याही आणि डोळ्यांत पाणीही आलं. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग गोलकीपरला म्हणाल्या, "ऊठ. नीट उभी राहा." ती उठली. कोचबाईंनी चेंडू शीबाच्या पायात दिला. "खेळ," त्या म्हणाल्या, आणि लंगडत, लंगडत मागे आपल्या जागेकडे पळाल्या. खरं सांगते, आजही मला वाटतं, घेतला असता एक गोल तर काय बिघडलं असतं.

शीबा मात्र जणू सुटली. अपमान धुऊन काढायला निघाल्यासारखी ती चेंडू घेऊन आली, आम्हा सगळ्यांना मागे टाकून, थेट कोचबाईंवर. उजवीकडे जाते असं दाखवलं आणि डावीकडे वळली. कोचबाई तिच्याबरोबर वळल्या. त्याच गुडघ्यावर. चेंडू त्यांच्या पायाला लागून रेषेबाहेर गेला आणि त्या खाली पडल्या.

आम्ही धावलो. प्रेक्षकांतून दोघं पुरुष स्ट्रेचर घेऊन निघाले. आपण या बाईला पुन्हा तिथेच आणून सोडलं असं मला वाटलं. कोचबाईंनी झोपल्या झोपल्या हात वर केला, त्या पुरुषांना थांबवायला. त्या कुशीवर वळल्या, हातांवर आल्या, एका पायावर आल्या. बांधलेला पाय टेकवला आणि ओठ चावला. मी म्हणाले, "वेळ आहे." त्या उभ्या राहिल्या. एक खांदा पुढे, एक पाय मागे.

शीबाच्या बायकांनी चेंडू आत फेकला. काकूंनी तो पोटाशी धरला आणि मास्तरने शिट्टी वाजवली, लांबलचक. त्याला कोचबाईंचं सगळं माहीत होतं. तो त्यांच्याजवळ येऊन म्हणाला, "खलास, मिस." त्यांनी विचारलं, "नक्की?" तो म्हणाला, "नक्की."

त्या चालायला लागल्या. दर पावलाला तोंड वेडंवाकडं होत होतं, पण एक हात वर होता, मूठभर लोकांना हलवत. आपल्याकडे माणूस असं लंगडत असलं तर त्याला धरल्याशिवाय राहवत नाही. माझा हात पुढे गेलाच होता त्यांच्या काखेत घालायला. तो मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला आणि त्यांच्यामागून चालत राहिले. काकूंनीही तेच केलं, शीबानेही. आम्ही दोन्ही टीमच्या बायका रिकाम्या हातांनी त्यांच्यामागे चाललो होतो, आणि रेषा येईपर्यंत एकीनेही त्यांना हात लावला नाही.