लग्नमंडपात अमेरिकेचा वकील

बाबांच्या हातात माईक द्यायचा नाही, हे मी नवरदेवाच्या मामांना आधीच बजावून ठेवलं होतं. बिलोलीत नात्यातलं लग्न, भर उन्हाळा, मंडपातले पंखे नुसती गरम हवा फिरवत होते. तरी विधी आटोपला आणि मामांनीच पुकारलं, "आता आमचे काका वधूवरांना आशीर्वाद देतील." मी कपाळावर हात मारला.

बाबा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांनी कुठल्याशा वाचनालयात दीडेकशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन वकिलाचं चरित्र वाचलं आणि तो माणूस जणू आमच्या घरातच राहायला आला. मी वकील झालो तोही त्याच्यापायीच. माझ्या स्वतःच्या लग्नात बाबा त्याच्यावरच बोलले होते.

त्या दिवशीही सुरू झाले. जोडे शिवणाऱ्याच्या घरातला पोरगा, बापाला मदत करता करता कायदा शिकला. मालकाकडून पळून आलेल्या एका गुलाम बाईचा खटला त्यानं लढवला आणि हरला. कोर्टानं बाई मालकाला परत दिली. "कायदाच वाईट असंल तर नुसती वकिली करून काय उपेग?" असं म्हणत तो राजकारणात उतरला, निवडून आला, सभागृहात गुलामगिरीवर तुटून पडला, आणि पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला पाडलं.

हे मी इथं चार ओळींत उरकलं. बाबांनी भातावरची वाफ जाईपर्यंत लांबवलं.

"काका, जेवणं थंडी होऊन राहिली," मामा म्हणाले.

"हाव, झालंच," म्हणत बाबा सभागृहातल्या भाषणाकडे वळले. मामांनी माईक बंद करवला, तर बाबांचा आवाज आणखी चढला. शेवटी मी स्टेजवर जाऊन त्यांचा दंड धरला.

तेवढ्यात नवरीनं विचारलं, "आजोबा, त्या बाईचं पुढं काय झालं?"

बाबांनी माईक मामांच्या हातात दिला. आपणहून माईक सोडणारे बाबा मी प्रथमच पाहत होतो. "पुस्तकात न्हाई, बाळा," ते म्हणाले आणि खाली उतरले. धड जेवलेही नाहीत. नांदेडला परतताना गाडीत एवढंच बोलले, "लई वर्षं सांगून राहिलो मी. मला का सुचलं न्हाई रे?"

मला वाटलं, सुटलो. कसलं काय! दुसऱ्या दिवशी उलटतपासणी संपवून बाहेर आलो तर बाबांचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. घाबरून फोन लावला.

"सापडली का बाई?"

"बाबा, मी कोर्टात आहे!"

"मग, हे बी कोर्टाचंच काम हाय."

रोज तेच. वैतागून एका रविवारी मोबाईल घेऊन शोधायला बसलो. वकिलावर पानंच्या पानं मिळाली. भाषणं, पुतळा, त्याच्या नावाची शाळा. बाईचं निकालपत्रात आडनावाशिवाय नुसतं नाव, पुढं काही नाही. तेवढं नाव बाबांना कळवलं. आता मला त्या वकिलाचाच राग आला. आपल्या अशिलाला कुठं नेलं, एकदा तरी विचारायचं ना, भल्या माणसा!

मग लातूरला चुलत बहिणीच्या घरी बारसं होतं. बाबा न बोलावता उठले. "एक बाई व्हती," म्हणाले आणि तिचं नाव घेतलं. कशी निसटली असंल, कुणी भाकर दिली असंल, नेताना मागं वळून बघितलं असंल का. गोष्टीत वकील यायच्या आत बाळ रडून झोपलंसुद्धा. मी चिडून उभा राहिलो, घड्याळ दाखवलं.

"अजून लई हाय," बाबा म्हणाले.

"दादा, तू खाली बस," बहीण माझ्यावरच खेकसली.