बटण, बटण, बटण

घोडबंदर रोडच्या आमच्या ऑफिसात तयार झालेलं सॉफ्टवेअर ग्राहकांकडे सोडायचं काम शहाडहून येणारा माझा एक सहकारी करायचा. त्याला दिसत नाही. कानाला हेडफोन लावून तो स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करायचा आणि आलेलं उत्तर कॉम्प्युटर त्याला वाचून दाखवायचा, तेही अशा वेगात की मला एक शब्द कळायचा नाही. कोणी कौतुक केलं की वैतागायचा. "काम करतोय रे, सर्कस नाही."

मग आमच्या सरांच्या मनात नवा डॅशबोर्ड भरला, कमांडऐवजी बटणं दाबून काम करायची रंगीत स्क्रीन. जुन्या कमांड बऱ्या की नवी स्क्रीन, याची तुलना करायला त्यांनी मला सांगितलं. मी मूर्खासारखी मनापासून केली. त्याचे हेडफोन लावून नव्या स्क्रीनवर बसले. तिथली बटणं म्हणजे नुसती चित्रं, त्यांना आतून नावंच दिलेली नव्हती. वाचणारा आवाज आपला "बटण, बटण, बटण" करत बसला. अहवालात मी पहिल्याच ओळीत लिहिलं की यावर आपल्या माणसाला काम करता येणार नाही, कमांड बंद करू नका.

मीटिंगमध्ये भिंतीवर हिरवे-निळे आलेख झळकले. माझी ओळ पार शेवटच्या पानावर गेली होती आणि तिच्यापुढे कोणीतरी "नंतर बघू" लिहिलं होतं. डॅशबोर्डची ऑर्डर तर आधीच गेलेली. लग्न ठरवून मोकळे झाले होते आणि पत्रिका जुळवायला मला बसवलं होतं. माझं डोकंच फिरलं.

"सर, मग याने काय करायचं?" मी विचारलं.

"त्याला डॉक्युमेंटेशनला घेऊ ना. आरामात राहील."

"सर, मी इथेच बसलोय," तो म्हणाला.

सर हसले आणि त्यांनी पुढची स्लाइड लावली. बाकीचे भिंतीकडे बघत राहिले. अशा लोकांबरोबर मी रोज डबा खाते, याची मला किळस आली.

संध्याकाळी आमची बस कापूरबावडीच्या सिग्नलला अडकली होती. तो शेजारीच बसला होता.

"अगं, ती स्क्रीन दिसायला कशीये?"

भिकार आहे, असं खोटं सांगावंसं वाटलं, पण जमलं नाही. "चांगली आहे," मी म्हणाले.

"असणारच. माझं काम जात होतं, तरी तू सोडून कोणाचा आवाज आला नाही."