खुर्चीभोवतीचा पडदा

रहिमतपूरचा आमचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावूनच विचारायचा, "संडासला रगत पडतंय का? मूळव्याध म्हणून अंगावर काढू नगा." त्याचा बाप आतड्याच्या कॅन्सरनं असाच गेला होता. मिरजेला तपासणीला जाणाऱ्या गरिबांसाठी त्यानं आरशाखाली मदतीचा डबा ठेवला होता. एका पुढाऱ्यानं त्यात नोट टाकली, पण डब्यावर 'आतडं' हा शब्द शोभत नाही, असंही सुनावलं.

माझे थोरले भाऊ मिरजेहून परतले ते फार उशीर झाल्याचं ऐकूनच. तो त्यांची दाढी करायला घरी आला.

"आवं दादा, दर आठवड्याला इचारत हुतो. न्हाई न्हाई का म्हणत ऱ्हायला?"

"दुकानात माणसं असायची रं," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं खुर्चीभोवती बायकोच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला.